हसल्याने खरंच काय होतं? फॉरवर्डमधले दावे आणि प्रयोगांतली उत्तरं

सकाळी फॅमिली ग्रुपवर येणाऱ्या सुप्रभात संदेशांमध्ये एक संदेश ठरलेला असतो. मागे उगवता सूर्य, पुढे दवबिंदू पडलेलं गुलाबाचं फूल आणि खाली मजकूर: कपाळावर आठ्या घालायला ४३ स्नायू लागतात, हसायला फक्त १७, म्हणून हसत राहा. कधी हा आकडा १३ होतो, कधी आठ्यांचे स्नायू साठीच्या पुढे जातात. आकडे दर वेळी बदलतात, कारण ते कुणी मोजलेलेच नाहीत. ओठांची टोकं वर उचलायला दोन्ही गालांतली स्नायूंची एक जोडीही पुरते आणि पोट धरून हसताना चेहराच काय, छाती-पोटाचे स्नायूही कामाला लागतात. शिवाय कमी स्नायू वापरणं हाच निकष असेल, तर चेहरा दगडासारखा ठेवणं सगळ्यात स्वस्त पडेल.

हसण्याचे फायदे सांगणारे बाकीचे दावेही साधारण याच वाटेने फिरतात. हसल्याने आयुष्य वाढतं, रक्तदाब उतरतो, एक हसू म्हणजे अमुक इतकी चॉकलेटं. यातलं काही पूर्ण पोकळ आहे, काही अर्धं खरं आहे. गंमत अशी की हसण्याचा जो फायदा सगळ्यात भक्कम पुराव्यानिशी दिसतो, तो या संदेशांमध्ये फारसा नसतोच.

आधी शब्दाचा घोळ

मराठीत 'हसणं' हे एकच क्रियापद दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं. ओठ जरासे फाकवून ओळखीच्या माणसाकडे बघणं हेही हसणं आणि विनोदावर खो-खो करणं हेही हसणं. वेगळेपण दाखवायचं असेल तर 'स्मित' हा संस्कृत शब्द घ्यावा लागतो किंवा 'गालातल्या गालात' अशी जोड द्यावी लागते. भरताच्या नाट्यशास्त्रात मात्र हास्याचे सहा प्रकार नोंदवले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. गाल किंचित फुललेले पण दात दिसत नाहीत, ते स्मित. इथपासून सुरुवात होऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत आणि कुशी धरेपर्यंत चढत जाणारी ही पायरी आहे. पहिले दोन प्रकार उत्तम पात्रांना आणि शेवटचे दोन अधम पात्रांना दिले आहेत. म्हणजे मोठ्याने हसणाऱ्यांकडे बघून नाक मुरडण्याची सवयही जुनीच म्हणायची.

हा फरक इथे महत्त्वाचा आहे, कारण स्मित आणि खळखळून हसणं यांचे शरीरावर होणारे परिणाम सारखे नाहीत आणि त्यांवरचे प्रयोगही वेगवेगळे आहेत. फॉरवर्ड लिहिणारे दोन्ही एकत्र कालवतात.

डोळे हसतात म्हणजे काय?

फ्रान्सचे मज्जाविकारतज्ज्ञ ग्योम ड्युशेन यांनी १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ते चेहऱ्याच्या ठरावीक ठिकाणी विजेचा सौम्य प्रवाह देऊन एकेक स्नायू आकुंचित करत आणि त्याची छायाचित्रं काढत. त्यांच्या अनेक छायाचित्रांत दिसतो तो एक म्हातारा. त्याच्या चेहऱ्याची संवेदना जवळजवळ गेलेली होती, त्यामुळे विजेचा त्रास त्याला फारसा जाणवत नसे.

ड्युशेन यांना असं दिसलं की गालातला मोठा स्नायू, झायगोमॅटिक मेजर, विजेने उचलला की ओठ हसतात, पण चेहरा हसत नाही. त्याच म्हाताऱ्याला एखादी गंमत सांगितली की डोळ्यांभोवतीचा गोल स्नायू, ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युली, आपोआप आवळतो, गाल वर येतात, डोळे बारीक होतात आणि कडेला सुरकुत्या पडतात. हा दुसरा स्नायू माणसाच्या हुकमाने हलत नाही, खऱ्या आनंदानेच हलतो, असं त्यांचं म्हणणं होतं. चार्ल्स डार्विन यांनी १८७२च्या भावदर्शनावरच्या आपल्या पुस्तकात ड्युशेन यांची छायाचित्रं वापरली. पुढे विसाव्या शतकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी डोळ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या हसण्याला 'ड्युशेन स्माइल' हे नाव दिलं.

इंटरनेटवर 'खरं हसू ओळखा' छापाच्या रील्समध्ये हेच सूत्र सांगितलं जातं. ते आता तितकंसं पक्कं राहिलेलं नाही. नंतरच्या अभ्यासांत दिसलं, की बरीच माणसं सांगितल्यावर डोळ्यांसकट हसून दाखवू शकतात. चांगल्या नटाला हे सांगायची गरज नव्हती. तेव्हा डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या बघून समोरच्याच्या मनाचा निकाल लावू नये.

हसणं माणूस बघून शिकतो की जन्मतः घेऊन येतो? २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधल्या ज्युदो खेळाडूंच्या छायाचित्रांचा अभ्यास डेव्हिड मात्सुमोतो आणि बॉब विलिंगहॅम यांनी केला. जन्मापासून अंध असलेल्या खेळाडूंनी कुणाचंही हसू कधी पाहिलेलं नव्हतं. तरी जिंकल्यावर त्यांचे चेहरे डोळस खेळाडूंसारखेच उजळत होते. अंतिम सामना हरून रौप्यपदक घेताना जे कसनुसं, फक्त ओठांचं हसू डोळस खेळाडूंच्या चेहऱ्यावर दिसलं, तेच अंध खेळाडूंच्याही चेहऱ्यावर होतं. वाईट वाटत असताना चारचौघांत हसून वेळ निभावणं, हेही माणूस बरोबर घेऊनच येतो असं दिसतं.

नुसतं ओठ ताणून मूड सुधारतो का?

'आनंदी आहोत म्हणून हसतो' हे सगळ्यांना माहीत आहे. उलटं खरं आहे का? हसलो म्हणून आनंद होतो का? या प्रश्नामागे मानसशास्त्रज्ञांची तीसेक वर्षं गेली आहेत आणि ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फ्रिट्झ श्ट्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना तोंडात पेन धरायला लावलं. हाताने लिहू न शकणाऱ्या लोकांसाठीचा हा अभ्यास आहे, असं त्यांना सांगितलं होतं. काहींनी पेन दातांत धरलं, ओठ न लावता. तसं धरलं की चेहरा न कळत हसऱ्या आकारात येतो. काहींनी ते ओठांत धरलं. मग तोंड चंबूसारखं होतं आणि हसताच येत नाही. त्या अवस्थेत त्यांना व्यंगचित्रं दाखवली आणि ती किती मजेदार वाटली ते विचारलं. दातांत पेन धरणाऱ्यांना ती जास्त मजेदार वाटली. दहा बिंदूंच्या पट्टीवर दोन गटांत सरासरी ०.८२ इतका फरक आला.

आपण हसतोय हे विद्यार्थ्यांना माहीतच नव्हतं, म्हणून हा प्रयोग फार गाजला. पाठ्यपुस्तकांत गेला, व्यक्तिमत्त्व विकासाच्या भाषणांत गेला. 'पेन दातात धरा, आनंदी व्हा' हा सल्ला आजही मराठी व्हिडिओंमध्ये ऐकायला मिळतो.

२०१६ साली तोच प्रयोग १७ प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीने पुन्हा केला. जवळपास १,९०० लोकांनी पेन तोंडात धरलं. या वेळी फरक आला ०.०३. म्हणजे काहीच नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण इस्रायलमधल्या संशोधकांनी एक बारीक गोष्ट हेरली. २०१६च्या प्रयोगात लोक पेन नीट धरतात की नाही हे बघण्यासाठी समोर कॅमेरा लावला होता, १९८८ला तो नव्हता. त्यांनी प्रयोग दोन्ही तऱ्हांनी करून पाहिला. कॅमेरा नसताना परिणाम दिसला, कॅमेरा असताना गायब झाला. आपल्याकडे कुणी बघतंय ही जाणीव झाली की माणूस आतून काय वाटतंय याकडे लक्ष देत नसावा, असा त्यांचा अर्थ. सेल्फी काढताना हसून मूड का सुधारत नाही, याचंही हे एक उत्तर असू शकतं.

२०१९ साली श्ट्राक यांना 'इग नोबेल' हा विनोदी पुरस्कार मिळाला. तोंडात पेन धरल्याने माणूस हसतो व आनंदी होतो हे शोधल्याबद्दल, आणि मग तसं होत नाही हे शोधल्याबद्दल.

त्याच वर्षी निकोलस कोल्स आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे १३८ अभ्यास एकत्र तपासले. परिणाम आहे, पण छोटा आहे, असा निष्कर्ष निघाला. मग या प्रश्नावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या संशोधकांना बरोबर घेऊन एक मोठा प्रयोग झाला. १९ देशांतले ३,८७८ लोक त्यात होते आणि निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाले. हसणाऱ्या माणसाचा फोटो बघून तसा चेहरा करणं किंवा ओठांची टोकं कानाकडे ओढून गाल उचलणं, या दोन पद्धतींनी लोकांना थोडं बरं वाटलं. पेनच्या पद्धतीने मात्र ठाम काही हाती लागलं नाही.

तर आजचं उत्तर असं: मुद्दाम हसल्याने मूड किंचित वर सरकतो. किंचितच. साध्या कंटाळ्यावर किंवा सकाळच्या चिडचिडीवर करून बघायला हरकत नाही. मनावर मोठं ओझं असलेल्या माणसाला 'तू जरा हसत जा' असं सांगण्याइतका हा परिणाम मोठा नाही. तो सल्ला देणाऱ्यांनी हा आकार लक्षात ठेवलेला बरा.

तब्येतीचं काय?

कॅन्सस विद्यापीठात टारा क्राफ्ट आणि सारा प्रेसमन यांनी १६९ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. तोंडात चॉपस्टिक धरायला लावून कुणाचा चेहरा साधा, कुणाचा ओठांपुरता हसरा, कुणाचा डोळ्यांसकट हसरा ठेवला. मग त्यांना वैताग आणणारी कामं दिली: आरशात बघून नेहमीच्या नसलेल्या हाताने तारा गिरवणं, बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवणं. ताण संपल्यावर हसऱ्या चेहऱ्यांच्या हृदयाचे ठोके इतरांपेक्षा खालच्या पातळीवर राहिले.

प्रेसमन यांनी नंतर कॅलिफोर्नियात इंजेक्शनची सुई टोचून असाच प्रयोग केला. डोळ्यांसकट हसणाऱ्यांना सुई कमी दुखली. पण वेदनेने चेहरा वेडावाकडा करणाऱ्यांनाही ती जवळपास तितकीच कमी दुखली. हसण्याचा फायदा ठोक्यांमध्ये दिसला, ते हसणाऱ्यांचे कमी वाढले. लसीच्या रांगेत 'रडू नको, हस बघू' असं पोराला सांगणाऱ्या आईचं अर्धं बरोबर आहे. पोराने तोंड वाकडं केलं तरी चालणार आहे.

आयुष्य वाढतं या दाव्याचा उगम एका अमेरिकी अभ्यासात आहे. १९५२च्या बेसबॉल खेळाडूंच्या नोंदवहीतल्या २३० फोटोंवरून २०१० साली असा निष्कर्ष काढला गेला, की फोटोत न हसणारे सरासरी ७२.९ वर्षं जगले आणि मनापासून हसणारे ७९.९ वर्षं. सात वर्षांचा फरक! बातम्यांना एवढं पुरलं. २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी जास्त खेळाडू घेऊन हे पुन्हा तपासलं आणि प्रत्येकाचं जन्मसाल हिशेबात धरलं. तेव्हा हसण्याचा आणि आयुष्याचा संबंध उरला नाही. ही दुसरी बातमी कुठल्या ग्रुपवर फिरताना दिसत नाही.

खळखळून हसण्याचं गणित वेगळं आहे. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांच्या प्रयोगांत इतरांबरोबर विनोदी कार्यक्रम पाहून मोठ्याने हसलेल्या लोकांची वेदना सहन करण्याची ताकद थोडा वेळ वाढलेली दिसली. मोठ्या हसण्यात श्वास पुन्हा पुन्हा बाहेर फेकला जातो, शरीराला चांगलेच श्रम होतात आणि मेंदूत वेदना शमवणारी नैसर्गिक रसायनं सुटतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. फिनलंडमधल्या मेंदू-चित्रणाच्या एका छोट्या अभ्यासाने त्याला दुजोराही दिला. शांतपणे केलेल्या स्मितात हे श्रम नसतात, त्यामुळे हा फायदा त्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

या मोठ्या हसण्याची जगभर पसरलेली एक चळवळ मुंबईतली आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच माणसांसह हास्य क्लब सुरू केला. रोज सकाळी जमायचं आणि विनोद सांगून हसायचं. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि चावट, टोचणारे विनोद सुरू झाले. लोक नाराज होऊ लागले. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच काढून टाकले. हात वर करून 'हो हो, हा हा हा' करायचं, एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, बाकी आपोआप होतं. योगशिक्षिका असलेल्या पत्नी माधुरी यांच्या मदतीने त्यात श्वसनाचे प्रकार आले. आज शंभराहून जास्त देशांत असे क्लब आहेत. बागेत मोठमोठ्याने हसणाऱ्या आजी-आजोबांची चेष्टा पुष्कळ झाली. पण रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडणं, हातपाय हलवणं आणि आपण आलो नाही तर चौकशी करणारी दहा माणसं असणं, यातला कुठला भाग औषधाचा हे वेगळं काढणं कठीण आहे. कदाचित काढायची गरजही नाही.

खरा फायदा दोघांच्या मध्ये

नवजात बाळ झोपेत हसतं. महाराष्ट्रात जुन्या बायका म्हणतात, सटवाई हसवतेय. ते हसू कुणासाठी नसतं. साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर मात्र बाळ माणसाचा चेहरा बघून हसायला लागतं, आणि घरातल्या झोप उडालेल्या मोठ्यांना पहिल्यांदा वाटतं की आपल्याला पावती मिळाली.

त्या हसण्याला उत्तर मिळालं नाही तर काय होतं, हे अमेरिकेतले एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात दाखवलं. आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग तिला दोनेक मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगतात. ती समोरच असते, बघतही असते, फक्त चेहरा हलत नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच परत येत नाही म्हटल्यावर ते तोंड फिरवतं आणि शेवटी रडतं. हा प्रयोग नंतर असंख्य वेळा झाला आणि निकाल टिकला. पेनच्या प्रयोगासारखी त्याची गत झाली नाही.

मोठ्यांचंही फार वेगळं नाही. अमेरिकेत अनोळखी लोकांकडे बघून हसण्याचा प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. साधारण अर्ध्या लोकांनी हसू परत केलं. कपाळावर आठ्या घालून बघितलं तेव्हा आठ्या परत करणारे अगदी थोडे निघाले. २०१२ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या आवारात आणखी साधा प्रयोग झाला. समोरून येणाऱ्या माणसाकडे एकतर नजर द्यायची, किंवा नजर देऊन हसायचं, किंवा तो तिथे नसल्यासारखं त्याच्या आरपार बघायचं. थोडं पुढे गेल्यावर दुसरी व्यक्ती त्या माणसाला विचारी, आत्ता तुम्हाला लोकांपासून किती तुटल्यासारखं वाटतंय? ज्यांच्या आरपार बघितलं गेलं, त्यांना जास्त तुटल्यासारखं वाटत होतं. एका अनोळखी माणसाने क्षणभर दखल घेतली की नाही, एवढाच काय तो फरक.

कॅनडात जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी कॉफीच्या दुकानात येणाऱ्या काही गिऱ्हाइकांना काउंटरवरच्या माणसाशी हसून, नजर देऊन दोन शब्द बोलायला सांगितलं, काहींना झटपट काम उरकून निघायला सांगितलं. हसून बोललेले दुकानातून जास्त खुशीत बाहेर पडले आणि आपण इथले आहोत ही भावनाही त्यांच्यात जास्त होती. रोजचा दूधवाला, सोसायटीचा वॉचमन, बसचा कंडक्टर, बँकेतली कॅशियर यांच्याशी होणारी देवाणघेवाण याच मापाची असते. ऑनलाइन पेमेंटचा बीप ऐकून मान खाली घालून निघून जाताना नेमकं हेच निसटतं.

पण सगळीकडे, सगळ्यांना हसू एकसारखं पोहोचत नाही. पोलंडचे कुबा क्रिस आणि सहकाऱ्यांनी ४४ संस्कृतींतल्या पाच हजारांहून जास्त लोकांना त्याच माणसाचे हसरे आणि न हसरे फोटो दाखवले. जर्मनी, स्वित्झर्लंड, चीनमध्ये हसरा माणूस जास्त हुशार वाटला. जपान, रशिया, इराण यांच्याबरोबर भारतातही तो कमी हुशार वाटला. जिथे भ्रष्टाचार जास्त, तिथे हसऱ्या चेहऱ्यावर विश्वासही कमी, असंही आढळलं आणि त्यातही भारताचं नाव होतं. 'फार गोड बोलतोय, काहीतरी काम असणार' हे वाक्य ज्याने घरात ऐकलं आहे त्याला यात नवल वाटणार नाही. अनोळखी पुरुषाला हसून दाद दिली तर त्याचा भलता अर्थ काढला जाईल, हा मुलींचा हिशेबही अनुभवातून आलेला असतो. त्यांना 'जरा हसत जा' म्हणणाऱ्याला तो हिशेब करावा लागत नाही.

शिवाय प्रत्येक हसू जवळ करणारं नसतंच. छद्मी हसणं, कुत्सित हसणं, एखाद्याला हसणं, हे मराठीला पूर्वीपासून ठाऊक आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भाषण करणाऱ्या तरुणांना समोरच्याने तीन तऱ्हेची हसू दिली. आपण वरचढ आहोत असं दाखवणारं हसू मिळालेल्यांच्या लाळेत कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं. वर्गात उत्तर चुकल्यावर मागच्या बाकावरून आलेलं हसू वीस वर्षं का लक्षात राहतं, हे यावरून थोडं उलगडतं.

पगारातलं हसू

पिवळा गोल हसरा चेहरा, ज्याच्यापासून आजचे इमोजी आले, तो १९६३ साली अमेरिकेत हार्वी बॉल या चित्रकाराने काढला. एका विमा कंपनीच्या विलीनीकरणानंतर कर्मचाऱ्यांचं मनोबल खचलं होतं, ते वाढवायला कंपनीने तो मागवला. बॉल यांना त्याचे ४५ डॉलर मिळाले. म्हणजे स्मायलीचा जन्मच 'कामावर हसा' या सूचनेतून झाला.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून १९८३ साली पुस्तक लिहिलं. पगारासाठी भावना दाखवणं किंवा लपवणं हे ओझी उचलण्यासारखंच श्रमाचं काम आहे, असं त्यांनी मांडलं. आज कॉल सेंटर, हॉटेल, मॉलचा काउंटर, रुग्णालयाचं स्वागत कक्ष, सगळीकडे हे काम आहे. नोकरीच्या जाहिरातीत 'हसतमुख' हा शब्द पात्रता म्हणून येतो, पण पगारात तो वेगळा मोजला जात नाही.

२०११ साली अमेरिकेतल्या बसचालकांचा दोन आठवडे पाठपुरावा करणारा अभ्यास आला. ज्या दिवशी त्यांनी वरवरचं हसू जास्त आणलं, त्या दिवशी त्यांचा मूड बिघडला आणि कामातून मन उडालं. बायकांमध्ये हे जास्त दिसलं. ज्या दिवशी एखादी चांगली आठवण काढून किंवा प्रवाशाची बाजू समजून घेऊन मनातूनच बदल केला, त्या दिवशी मूड सुधारला. २०१९च्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात दीड हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांमध्ये दिसलं, की ज्यांना लोकांसमोर भावना जास्त दाबाव्या लागतात, ते कामानंतर दारू जास्त पितात.

मुद्दाम हसल्याने मूड वर सरकतो हे आधी आलंच आहे. मग हे उलटं कसं? प्रयोगशाळेत माणूस काही सेकंद हसतो आणि मग घरी जातो. काउंटरवरची मुलगी अपमान गिळत आठ तास हसते. दोन्हीकडे हलणारा स्नायू तोच आहे.

हसू असतं तेव्हा आणि नसतं तेव्हा

सोशल मीडियावर 'स्मायलिंग डिप्रेशन' हा शब्द फिरतो. वैद्यकीय निदानाच्या यादीत या नावाचा वेगळा आजार नाही, पण त्यामागचं निरीक्षण खरं आहे: नैराश्य असलेला माणूस हसू शकतो, विनोद करू शकतो, लग्नाच्या फोटोत छान दिसू शकतो. 'कालच तर हसत होता' हे वाक्य म्हणून काहीच सांगत नाही. झोप आणि भूक बिघडणं, आवडीच्या गोष्टींतून मन उडणं, सतत थकवा, आपण निरुपयोगी आहोत असं बोलणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चालू राहिलं तर चेहऱ्याकडे न बघता डॉक्टरांकडे जावं. 'टेली मानस' या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतूनही बोलता येतं.

उलट बाजूला, आतून आनंद आहे पण चेहरा साथ देत नाही अशी माणसं असतात. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू ताठर होतात आणि माणूस रुक्ष किंवा नाराज वाटू लागतो. नातवंडांना वाटतं आजोबा रागावलेत. मोबियस सिंड्रोम या दुर्मीळ जन्मजात विकारात चेहरा हलतच नाही. अशा लोकांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव मात्र बरोबर ओळखता येतात, असं २०१०च्या अभ्यासात दिसलं. अशा माणसाशी बोलताना चेहऱ्यापेक्षा त्याच्या आवाजाकडे आणि शब्दांकडे लक्ष दिलं की गैरसमज टळतात.

आणि एक हसू असं आहे की ज्याने खरोखर जीव वाचू शकतो. कुणाचं तोंड अचानक एका बाजूला वाकडं दिसलं, बोलणं जड झालं, तर त्याला हसून दाखवायला सांगावं. मुद्दाम हसण्याची आज्ञा मेंदूच्या बाह्य पटलातून येते. पक्षाघाताच्या झटक्यात तो मार्ग तुटला की ओठाचं एक टोक वर येतं, दुसरं खालीच राहतं. आपोआप येणाऱ्या हसण्याचा मार्ग वेगळा असतो. त्यामुळे असा रुग्ण एखाद्या विनोदावर सरळही हसू शकतो आणि घरचे म्हणतात, काही नाही झालेलं. म्हणून सांगूनच हसवायचं. मग दोन्ही हात समोर उचलायला सांगायचे आणि एक हात खाली येतो का बघायचं. एखादं साधं वाक्य म्हणायला लावायचं. यातलं एकही बिघडलेलं दिसलं तर १०८ला फोन करायचा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवायचं, कारण गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. कधी हा चेहऱ्याच्या नसेचा, म्हणजे बेल्स पाल्सीचा त्रास निघतो. त्यात सहसा कपाळावर आठ्या घालता येत नाहीत आणि त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही. पण तो फरक घरी बसून ठरवायचा नसतो. मालिश करून बघू, सकाळपर्यंत थांबू, असं न करता रुग्णाला थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचं आणि वाटेत पाणीसुद्धा पाजायचं नाही, कारण गिळणंही बिघडलेलं असू शकतं.